खालच्या गाडीतल्या बॅटऱ्या

त्या पोस्टचं नाव मी सांगत नाही. उत्तरेकडची, बारा हजार फुटांच्या वर, एवढं पुरे. नोव्हेंबरच्या शेवटी मी तिथं चढलो. मी तेव्हा सिग्नलचा हवालदार होतो. रेडिओ सेट चालू ठेवायचा, ठरलेल्या वेळी खालच्या हेडक्वार्टरशी बोलायचं, हे माझं काम. वारा असो, बर्फ असो, सेट बंद पडता कामा नये. गाव माझं मुकुटबन, जिल्हा यवतमाळ. पलटणीत सगळे मला टेकाम म्हणत.

पोहोचलो त्याच दिवशी दुपारी स्टोअरच्या बंकरमधून आवाज आला.

"चालून काहून नाई राह्यला बे? काय पाह्यजे तुले?"

मी जागीच थांबलो. इतकी वर्षं नोकरी झाली होती, पण अशा उंचीवर वऱ्हाडी कधी कानावर पडली नव्हती. आत डोकावलो. एक नाईक मांडी घालून बसला होता. समोर उघडा पडलेला जुना व्होल्टेज स्टॅबिलायझर. बोलणं त्याच्याशीच चाललं होतं.

मी म्हटलं, "कोण्या गावचा?"

तो दचकला. मग हसला. "पुसद. अन् तुमी?"

"मुकुटबन."

"अरे बाप रे! मंग तं घरचेच झाले ना भाऊ."

त्याचं नाव जमील. व्हेइकल मेकॅनिक. पोस्टवरचा जनरेटर त्याच्याकडे होता आणि वर येणाऱ्या गाड्याही. त्याच्या वडिलांचं पुसदला मोटर वायंडिंगचं आणि बॅटरीचं दुकान. गावातली वीज जायची तेव्हा त्याचे अब्बा मोटारीच्या बॅटरीवर लोकांच्या घरचे पंखे चालवून द्यायचे. लग्नघरी टीव्ही, दवाखान्यात दिवा. जमील त्याच दुकानात वाढला.

पोस्टवर डिझेल मोजून मिळे. जनरेटर संध्याकाळी थोडा वेळ चाले, बाकी वेळ अंधार आणि रॉकेलचा दिवा. शेडमध्ये ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या होत्या. जनरेटर चालू असताना त्या चार्ज होत. जमीलचं म्हणणं असं, की ही वीज नुसती पडून आहे, तिला कामाला लावू.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटरीतली वीज एकाच दिशेनं वाहते आणि तिचा दाब कमी असतो. घरातला पंखा, मिक्सर, टीव्ही त्यावर चालत नाहीत. त्यांना अशी वीज लागते जी सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, आणि दाबही बराच जास्त लागतो. हे काम इन्व्हर्टर करतो. बाजारात तयार मिळतो. आमच्याकडे बाजार नव्हता. जमीलनं स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर काढून त्याला नव्यानं तार गुंडाळली. जळालेल्या यूपीएसमधून ट्रान्झिस्टर काढले. ते तापू नयेत म्हणून गाडीच्या तुटक्या फाळक्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्यावर बसवले. एक-दोन बारीक सुटे भाग त्यानं सुट्टीवरून येताना अब्बांच्या दुकानातून आणलेच होते. सगळं बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसवलं.

कंपनी कमांडर मेजर साहेब बघायला आले. पंजाबी माणूस, बोलणं कमी.

"आग लगेगी?"

"नहीं साहब. फ्यूज डाला है."

"मेरा बंकर जला तो तुझे उसी में बिठाऊँगा."

"जी साहब."

पहिल्यांदा त्यावर ट्यूबलाइट लावली. मग लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा, मिक्सर. त्या दिवशी जमीलनं ठेचा केला. बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघं जेवत राहिलो. रविवारी टीव्ही चालू लागला. बाजारच्या इन्व्हर्टरसारखी साफ वीज त्यातून निघत नव्हती, त्यामुळे डबा चालू असला की एक घरघर सतत ऐकू येई. जाड, एकसारखी. पाठीच्या मणक्यात जाणवे. आम्हाला तिची सवय झाली. घरघर म्हणजे उजेड आहे, असा हिशेब.

मला त्यानं सगळं शिकवलं. मी विचारलं नव्हतं, त्यानंच एक दिवस धरून बसवलं.

"मी सुट्टीवर गेलो अन् हे बंद पडलं तं? कोणाले तं माहीत पाह्यजे." लाल चिंधी बांधलेली वायर धनाची, काळी ऋणाची. आधी बटण बंद, मग वायर. दोन बॅटऱ्या एकीला एक जोडूनच लावायच्या. "उलटं जोडलं का सारा डबा मेला म्हणून समजा, भाऊ."

फेब्रुवारीत रसदीची गाडी वर आली. चालवत होता सिपाही मुरुगन, तमिळनाडूचा, वय बावीस. खालच्या कॅम्पात त्याला उंचीची सवय करून घ्यायला वेळ मिळाला नव्हता. हवामान बिघडायच्या आत रसद पोहोचवायची म्हणून पाठवलं होतं. पोस्टच्या खालच्या वळणावर गाडी बर्फात रुतली. सामान पाठीवर वर आणलं, मुरुगनही चालत वर आला. त्याच संध्याकाळी वादळ सुरू झालं आणि रस्ता बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मुरुगनला खोकला लागला. तिसऱ्या दिवशी खोकल्यातून फेस पडू लागला, गुलाबी. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याची ही खूण. अशा माणसाला ताबडतोब खाली न्यावं लागतं. रस्ता नव्हता. हेलिकॉप्टर उडत नव्हतं. दाबाची बॅग असते, तिच्यात रुग्णाला झोपवतात, ती खालच्या कॅम्पात होती. आमच्याकडे ऑक्सिजनचे सिलेंडर होते आणि एक कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारी मशीन. ती विजेवर चालते. आणि त्याच दिवशी जनरेटरच्या पंपाचा शाफ्ट तुटला.

जमील जनरेटरच्या शेडमधून बाहेर आला तेव्हा त्याचे हात काळे आणि सुजलेले होते.

"साहब, ये यहाँ नहीं बनेगा. पार्ट चाहिए."

शेवटचा सिलेंडर चौथ्या दिवशी सकाळी संपला. नर्सिंग असिस्टंट बंगालचा होता, शांत स्वभावाचा. त्यानं मेजर साहेबांकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली.

जमील म्हणाला, "साहब, मशीन मेरे डिब्बे पे लगा दें?"

"चलेगी?"

"चालू होते वक़्त झटका मारेगी. डिब्बा झेल गया तो चलेगी."

बंकरमधली बाकी सगळी वीज बंद केली. दोन्ही बॅटऱ्या शेगडीजवळ ठेवून, ब्लँकेट गुंडाळून आधी गरम केल्या. गारठलेली बॅटरी अर्धीच ताकद देते. मुरुगन पाठीला पोती लावून बसलेला होता. आडवा होऊ शकत नव्हता. ओठ निळे. जमीलनं बटण दाबलं. फ्यूज उडाला. त्यानं दुसरा लावला, जाड तारेचा. पुन्हा बटण दाबलं. डब्यातून मोठा गुरगुराट आला, मशीनची मोटर अडखळली, आणि चालू झाली.

नर्सिंग असिस्टंटनं नळी मुरुगनच्या नाकाला लावली. काही वेळानं ओठांचा रंग थोडा बदलला.

जमील माझ्या कानाशी आला. "भाऊ, ह्या बॅटऱ्या म्हाताऱ्या हायेत. दुपारपर्यंत टिकतीन. पुढं नाई."

"मग?"

"खाली गाडीत दोन हायेत. नव्या. मीच खालच्या कॅम्पात लावल्या होत्या."

गाडी साधारण किलोमीटरभर खाली होती. मध्ये एक नाला, आणि नाल्याच्या वर चार दिवसांचं ताजं बर्फ साठलेला उतार. मेजर साहेबांनी बराच वेळ दुर्बिणीतून तो उतार पाहिला. ढग खाली होते, नीट दिसत नव्हता. मग त्यांनी नर्सिंग असिस्टंटला विचारलं, "मशीन बंद हुई तो?"

"घंटा भर, साहब. शायद उतना भी नहीं."

गाडीचा ड्रायव्हर म्हणजे मुरुगनच. बॅटरी बॉक्सवर बर्फ गोठलेलं असणार, ते फोडून बॅटऱ्या न तोडता काढायच्या, तर माहितीचा माणूस हवा. जमील आधीच बूट आवळत होता. बरोबर लान्स नाईक रावत आणि आणखी एक जवान, दोघंही पहाडी, बर्फावर चालणारे. आदेश स्पष्ट होता. नाला एकेकानं पार करायचा. एक पलीकडे पोहोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही.

मी सेटवर बसलो. माझ्यामागे, ताडपत्रीच्या पडद्यापलीकडे, मुरुगन आणि ती घरघर.

"पोस्ट, जमील बोल रहा हूँ. गाड़ी पे पहुँच गए. ओवर."

"पोस्ट. सुना. ओवर."

बऱ्याच वेळानं पुन्हा. "एक निकली. दूसरी का नट जम गया है. ओवर."

"कितना टाइम? ओवर."

"थोड़ा. ओवर."

पडद्यामागची घरघर जड होऊ लागली होती. बॅटरी उतरायला लागली की आवाज खाली बसतो, हेही जमीलनंच सांगितलं होतं. नर्सिंग असिस्टंटनं पडदा बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. थांब.

"पोस्ट, जमील. दोनों निकल गईं. वापस आ रहे हैं. ओवर."

मग नाला. रावत पहिली बॅटरी पाठीवर बांधून पार झाला. दुसरा जवान दुसरी घेऊन पार झाला. हे मला जमील सांगत होता, गाडीकडच्या काठावरून. सेटवर हिंदीतच बोलायचं असा नियम होता. शेवटचं वाक्य तो वऱ्हाडीत बोलला.

"दोन्ही पार झाल्या. आता मी निघून राह्यलो, भाऊ."

मी म्हटलं, "ये. सावकाश ये."

उत्तर आलं नाही. चालताना कोण उत्तर देतं? मी वाट पाहिली. मग बाहेर एक आवाज झाला. लोकांना वाटतं हिमस्खलनाचा मोठा धडाका होतो. तो मोठा नव्हता. धान्याचं पोतं कोणी उंचावरून टाकावं, तसा. त्यामागून लांबलेला एक सुस्कारा. मग रावतचं ओरडणं, सेटशिवायच ऐकू आलेलं.

"जमील, पोस्ट. ओवर."

"जमील, पोस्ट. ओवर."

पोस्टवरचे सगळे फावडी आणि काठ्या घेऊन खाली पळाले. मी हेडक्वार्टरला मेसेज पाठवला आणि उठलो. दारात रावतबरोबरचा तो जवान उभा होता. दोन्ही बॅटऱ्या त्यानंच आणल्या होत्या. एक ठेवून दुसरीसाठी परत गेला होता. रावत मागे खणत होता.

मेजर साहेब खाली निघाले होते, मला पाहून वळले. "टेकाम, कहाँ?"

"नीचे, साहब."

"वहाँ सब हैं. ये जोड़ना यहाँ सिर्फ़ तुझे आता है."

पडद्यामागे घरघर तुटू लागली होती. मी आत गेलो. बटण बंद केलं. मशीन थांबली. मुरुगननं डोळे उघडले, त्याला कळलं की हवा थांबली. मी जुन्या बॅटऱ्यांच्या वायरी सोडवल्या, नव्या जवळ ओढल्या. पेट्यांवर अजून बर्फ चिकटलेलं होतं आणि एका झाकणावर हातमोज्याचा तेलकट ठसा. लाल चिंधी धनाला. काळी ऋणाला. मधली जोडणी. एक ठिणगी उडाली. बटण दाबलं.

घरघर सुरू झाली. भरलेली, जोरदार. नव्या बॅटरीची.

मी तिथंच बसलो. उठू शकत नव्हतो. कारण डबा तापत होता आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला दुसरं कोणी नव्हतं. बाहेर माणसं माझ्या जिल्ह्यातल्या माणसाला शोधत होती आणि मी त्यानं बनवलेल्या डब्यावर पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. मुरुगनला काहीच माहीत नव्हतं. तो दर थोड्या वेळानं पुटपुटत होता, "थैंक्यू साब, थैंक्यू साब."

दुपार उतरताना ढग फाटले. अचानक, जणू कोणी ओढून घेतले. निळं आभाळ, ऊन, आणि समोरचा तो उतार अर्धा उघडा पडलेला. हेडक्वार्टरहून आवाज आला की हेलिकॉप्टर निघालंय. ते आलं, मुरुगनला छोट्या सिलेंडरवर घेतलं आणि खाली गेलं. मी बटण बंद केलं. मग फावडं घेऊन खाली गेलो.

जमील दुसऱ्या दिवशी सापडला. उभाच होता, नाल्याच्या मधोमध.

बरेच जण विचारतात, आभाळ उघडणारच होतं, तर थोडं थांबले असते तर? मी त्यांना एकच सांगतो. थांबायला वेळ आमच्याकडे होता, मुरुगनकडे नव्हता. आणि आभाळ उघडणार आहे, हे आभाळानं सेटवर कळवलं नव्हतं.

जमीलबरोबर पुसदला मीच आलो. नागपूरहून गाडीनं. रस्त्यावर दोन्हीकडे कापसाची रिकामी शेतं. दुकान बंद होतं, गल्ली माणसांनी भरलेली. सलामी झाली, तिरंगा त्याच्या अब्बांच्या हाती दिला, आणि कब्रस्तानात माती दिली. सगळं आटोपल्यावर अब्बांनी मला बाजूला बोलावलं. उंच, वाकलेला माणूस, बोटांची टोकं आम्लानं जळून पांढरी पडलेली.

"तुमी तिथं होते?"

"होतो चाचा."

"मशीन चालली का?"

"चालली."

"कुठवर?"

"हेलिकॉप्टर येईपर्यंत. बंद मीच केली."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "वायंडिंग चांगली बसली म्हणायची मंग." आणि आत निघून गेले.

मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि मुकुटबनला परत आलो. आमच्याकडे वादळ झालं की तारा तुटतात आणि वीज लवकर येत नाही. लोक जीपची, ट्रॅक्टरची बॅटरी काढतात. म्हणतात, फौजी, पंखा चालवून द्या, म्हातारीले गरम होऊन राह्यलं. मी देतो जोडून. सामान आता सोपं मिळतं, डबा बनवायला अडचण नाही. माझ्या हातचे पाच-सहा डबे गावात असतील.

अडचण नंतरची. चालू केला की घरघर सुरू होते, आणि माझा हात कानाकडे जातो, हेडसेट नीट करायला. कानात हेडसेट नसतो. तरी ऐकू येतं, निघून राह्यलो, भाऊ. मी वाट पाहत उभा राहतो. एकदा शेजारच्या ओसरीवर असा उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, ये, सावकाश ये. घरातली माणसं बघत राहिली. तेव्हापासून मी डबा जोडतो आणि बटण दाबायला दुसऱ्याला सांगतो, तोवर मी रस्त्याला लागलेला असतो. घरी आमच्या बायकोनं बाजारातला इन्व्हर्टर घ्यायला लावला. तो आवाज करत नाही. त्याच्याजवळही मी फारसा बसत नाही.

मुरुगन मागच्या हिवाळ्यात आला. आता तोही नोकरीतून बाहेर पडलाय, गावी स्वतःची गाडी चालवतो. फोन करून म्हणाला, मुझे पुसद जाना है साब, आप साथ चलिए. मी गेलो. दुकान आता जमीलचा धाकटा भाऊ सांभाळतो. अब्बा मागच्या खोलीत खाटेवर असतात. नजर गेली आहे.

मी सांगितलं, "चाचा, तो आलाय. मुरुगन."

मुरुगन जमिनीवर बसला. काय बोलायचं ते त्यानं रेल्वेत पाठ केलं होतं, हे त्यानं मला सांगितलं होतं. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. अब्बांनी हात पुढं केला, चाचपडत त्याच्या खांद्यावर ठेवला, मग पाठीवर सरकवला, बरोबर फुप्फुसाच्या जागी.

"साँस ले बेटा."

मुरुगननं श्वास घेतला.

"और ले. ज़ोर से."

त्यानं घेतला. अब्बांचा पंजा त्याच्या पाठीवर वर-खाली होत राहिला. मोटर दुरुस्त होऊन आली की तिच्या अंगावर हात ठेवून बघतात, तसा. दुकानातलं काम थांबलं होतं. कोणी थांबवायला सांगितलं नव्हतं. मी उठून बाहेर आलो.

जमीलबद्दल कोणी विचारलं की मी हे सगळं सांगतो, नाला, बॅटऱ्या, हेलिकॉप्टर. फौजेत माणूस कसा गेला ते सांगायची पद्धत आहे. पण माझ्यापुरता तो वेगळाच राहिलाय. जानेवारीतली एक सकाळ. किती तरी दिवसांनी ऊन पडलं होतं. बंकरच्या पत्र्यावर तो बूट-मोजे काढून बसला होता, पाय लांब करून, आणि बोटं हलवत होता. मे महिन्यात पुसदला रस्त्याचं डांबर चपलेला कसं चिकटतं, ते मला सांगत होता, जणू मी कुठला परदेशी.

मी ओरडलो, "जमील, बूट घाल. बोटं जातीन."

तो डोळे मिटूनच म्हणाला, "घालतो ना भाऊ. एवढं ऊन जाऊ द्या."